मला डायनामो म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुना अल्टरनेटर आहे. जुना म्हणजे तसा फार जुना नाही, पण मोडीत निघालेल्याला वय विचारण्यात अर्थ नसतो. गाड्यांच्या विजेची कामे करणाऱ्या एका माणसाच्या दुकानात, टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात सध्या माझा मुक्काम आहे. माझ्यासोबत दोन जळके सेल्फ, एक फुटका हॉर्न आणि गुंता झालेल्या वायरींचे भेंडोळे आहे. इथे कोणी कोणाशी बोलत नाही. प्रत्येकाची आपापली कर्मकहाणी आहे आणि दुसऱ्याची ऐकून घ्यायची कोणाची तयारी नाही. तुम्हाला वेळ असेल तर माझी ऐका.

आधी नावाचे सांगतो, कारण माझे वाटोळे नावापायी झाले. गॅरेजच्या जगात मला कोणी अल्टरनेटर म्हणत नाही, सगळे डायनामो म्हणतात. डायनामो हा माझा आधीच्या पिढीतला नातेवाईक. गाडीत वीज तयार करायची हे दोघांचेही काम, म्हणून लोकांनी त्याचे नाव मला चिकटवून टाकले. सुरुवातीला मला त्याचे काही वाटले नाही. थोरल्याच्या नावाने हाक मारली म्हणून धाकट्याने लगेच रुसून बसू नये. पण माणसे एकदा नाव एक म्हटले की स्वभावही एकच धरून चालतात. डायनामो रांगडा होता, कसाही हाताळला तरी सोसायचा. मी तसा नाही. माझ्या पोटात नाजूक ऐवज आहे. हे ज्याला कळायला हवे होते त्याला कळले नाही आणि त्यात माझा जीव गेला. माझे एक वेळ सोडा, पण माझ्यापायी एका भल्या माणसाच्या पोटावर पाय आला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलांपाशी बायका बसलेल्या असत आणि तांब्याची बारीक तार इतक्या सफाईने गुंडाळत की बघत राहावे. माझी तार गुंडाळणाऱ्या बाईंना त्या दिवशी सर्दी झाली होती. प्रत्येक शिंकेला त्या हात थांबवत आणि तार घट्ट धरून ठेवत, एक वेढासुद्धा सैल पडू देत नसत. पुढे मी इतकी वर्षे बिनतक्रार काम केले त्याचे श्रेय त्या बाईंना आहे. त्यांना ते कोणी दिले नाही, म्हणून मी देतो.

माझे काम काय, असे विचाराल तर बहुतेकांना ते माहीत नसते. गाडीतले दिवे बॅटरीवर चालतात असे सगळे समजतात. अहो, बॅटरी म्हणजे घरातले पाण्याचे पिंप. त्यात कोणी पाणी भरलेच नाही तर ते किती वेळ पुरणार? ते पिंप सतत भरत राहणारा मी. इंजिनाचा पट्टा मला गरगरा फिरवतो, मी वीज करतो, दिव्यांना देतो, हॉर्नला देतो आणि उरलेली बॅटरीत भरून ठेवतो. कौतुक मात्र बॅटरीचे होते. नवी बॅटरी घेतली की माणसे चार जणांना बोलावून दाखवतात. नवा अल्टरनेटर दाखवायला कोणी कोणाला बोलावल्याचे मी ऐकलेले नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यावरून घडले. मी आपला आपण जागा होऊ शकत नाही. मला कोणीतरी उठवावे लागते. चालकाच्या समोर, काट्यांच्या शेजारी, बॅटरीचे चित्र असलेला एक लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की बॅटरीतली थोडीशी वीज त्या दिव्यातून माझ्यापर्यंत येते. तेवढ्या घोटभर विजेने माझ्या पोटातले लोखंड चुंबक होते, मग इंजिन फिरले की मी वीज करू लागतो. मी कामाला लागलो की दिवा विझतो. मी काम थांबवले तर तो पुन्हा लागतो. लोकांना वाटते की तो दिवा म्हणजे निव्वळ चहाडखोर, माझ्या कागाळ्या सांगायला बसवलेला. मला रोज सकाळी उठवणारा तोच असतो, हे कोणाच्या गावीही नसते.

माझी नेमणूक एका शाळेच्या गाडीवर झाली. गाडी चालवणाऱ्याला सगळे काका म्हणत. मुले म्हणत ते ठीकच, पण त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईही त्यांना काकाच म्हणत. काका आधी लॉरीवर होते. तिथली एक सवय त्यांनी या छोट्या गाडीवरही आणली होती. सकाळी सेल्फ मारला की ते पाय दाबून एकदा सणसणीत रेस देत. सगळे आवार दणाणून जाई. मग पाय काढत आणि इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत. ‘जागे झालात का सगळे?’ असे गाडीला विचारत. मला ते फार आवडे. यंत्राची चौकशी करणारी माणसे थोडी असतात.

काकांना दुसरी एक सवय होती आणि तीच त्यांना नडली. गाडीत कुठे काही वेगळे वाजले, हलले, तापले की ते ताबडतोब ऑफिसात जाऊन सांगत. दाराची बिजागरी कुरकुरते, मागच्या चाकातून बारीक शीळ येते, आरसा थरथरतो. ऑफिसातल्या लोकांनी त्यांचे नाव ‘रेडिओ’ ठेवले होते. काका दारात दिसले की आज कोणते स्टेशन लागले आहे, असे ते एकमेकांना विचारत आणि फिदीफिदी हसत. गाड्यांचा कारभार बघणारे एक साहेब होते. ते हसत नसत, ऐकतही नसत. समोरच्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत ते पेनाचे टोपण काढत आणि घालत बसत.

विजेच्या कामाला शाळेत कोण येई, तर काकांचे साडू. काकांच्या मेहुणीचे यजमान. काकांनीच साहेबांकडे शब्द टाकून त्यांना हे काम मिळवून दिले होते. काका त्यांना साडूभाऊ म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणतो. माणूस हाताचा चलाख, तोंडाचा गोड. शिकलेले एकदा शिकून झाले, आता पुन्हा काय शिकायचे, असा खाक्या. आज मी ज्या डब्यात पडलो आहे तो डबा त्यांचाच.

ती पहिली वर्षे माझी सुखाची गेली. धुक्यात दिवे माझ्या जोरावर लागत, काच माझ्या जोरावर पुसली जाई. शेवटच्या थांब्यावर उतरणारी एक लहान मुलगी अंधाराला फार घाबरे. बाकीची मुले उतरून गेली की ती पाय वर घेऊन सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसे. हिवाळ्यात संध्याकाळ लवकर काळवंडे, तेव्हा काका तिच्यासाठी छताचा दिवा चालू ठेवत. तसे केल्याने समोरच्या काचेत प्रतिबिंब पडते आणि रस्ता नीट दिसत नाही, म्हणून ते डोळे बारीक करून, गाडी हळू चालवत. पण दिवा ठेवत. तो दिवा मी पेटता ठेवला आहे, याचा मला इतका अभिमान वाटे की काय सांगू. मला कोणी शाबासकी दिली नाही. मी मनातल्या मनात स्वतःलाच देत असे.

मग माझा पट्टा सैल झाला. पट्टा रबराचा, ताणून ताणून ढिला होणारच. तो माझ्यावरून घसरू लागला, मी पुरेसा फिरेनासा झालो आणि लाल दिवा मधूनमधून लुकलुकू लागला. काकांनी लगेच जाऊन सांगितले. साहेबांनी टोपण काढले, घातले. पुन्हा सांगितले. पुन्हा तेच. असे चालू असताना एके दिवशी एका मुलाचे वडील पुढच्या सीटवर बसून शाळेपर्यंत आले आणि हा लाल दिवा कसला, असे त्यांनी साहेबांनाच विचारले. तेव्हा मात्र साहेबांना घाम फुटला. त्यांनी साडूभाऊंना बोलावून घेतले आणि सांगितले, की उद्यापासून तो दिवा लागलेला मला दिसता कामा नये.

पट्टा बदला असे त्यांनी सांगितले नाही, अल्टरनेटर तपासा असेही नाही. साडूभाऊंनी पट्टा ओढून घट्ट केला, पण पुरता ताणलेला पट्टा तो, गाडी उभी असली की दिवा अजून फडफडत होता. नवा पट्टा त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हता. साहेब तर खिडकीतून बघत होते. मग साडूभाऊंनी डॅशबोर्डच्या मागे हात घातला, तो एवढासा बल्ब काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. दिवा गेला. साहेबांनी खिडकीतून मान डोलावली. नंतर साडूभाऊ नवा पट्टा घेऊन आले आणि तो त्यांनी नीट बसवलाही. बल्ब परत लावायचा मात्र राहून गेला. तोवर शर्ट धुवायला गेला होता.

मित्रांनो, माझा उठवणाराच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी किल्ली फिरवली आणि मी वाट बघत राहिलो. रोजचा तो घोटभर विजेचा स्पर्श आलाच नाही. सेल्फ वाजला, इंजिन सुरू झाले, पट्टा मला फिरवू लागला आणि मी झोपेत फिरावे तसा नुसता फिरत राहिलो. तेवढ्यात काकांनी नेहमीची रेस दिली. माझ्या लोखंडात कालच्या चुंबकाचा थोडा अंश शिल्लक असतो. इतक्या जोरात फिरवल्यावर तो अंश चेतला आणि मी दचकून जागा झालो. त्या दिवसापासून मी काकांच्या रेसवर जगत होतो. हे त्यांना माहीत नव्हते, मला सांगता येत नव्हते.

पण दिवा लागत नाही, हे काकांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले. त्यांनी साडूभाऊंना गाठले. किल्ली फिरवली की तो लागायचा आणि गाडी सुरू झाली की विझायचा, आता तो मुळी लागतच नाही, असे सांगितले. साडूभाऊ हसले आणि म्हणाले, दिवा लागला तर काळजी करायची, न लागण्याची कसली काळजी करता? बल्ब काढल्याचे त्यांना आठवले नसेल असे मी आजवर धरून चालत आलो आहे. मग काका साहेबांकडे गेले. साहेब त्या दिवशी एक पूर्ण वाक्य बोलले.

“काका, आधी दिवा लागतो म्हणून तुमची तक्रार, आता लागत नाही म्हणून तक्रार, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

ऑफिसात मोठा हशा पिकला. काकाही ओशाळून हसले आणि परत आले.

तरी काही बिघडले नसते. पण शाळेशेजारच्या इमारतीतले लोक सकाळच्या दणदणाटाला वैतागले होते. त्यांनी तक्रार केली. साहेबांनी आवारात एक पाटी ठोकली, ‘गाडीला रेस देऊ नये.’ काका सांगितलेले ऐकणाऱ्यातले. त्यांनी त्या दिवसापासून रेस देणे बंद केले. गाडी आवाज न करता सुरू करायची, आवाज न करता बाहेर काढायची. मी झोपलेलाच. कधी एखाद्या चढावर इंजिनाला जोर लावावा लागला की मी जागा होई आणि जमेल तेवढी बॅटरी भरे. कधी सबंध दिवस जाग येत नसे. बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत होती आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. ज्याने ओरडून सांगायचे त्याची जागा रिकामी होती.

मग ती संध्याकाळ आली. शाळेत नाटकाच्या तालमी चालू होत्या, म्हणून मुलांना सोडायला उशीर झाला. हवा गारठलेली, धुके उतरलेले. नेहमीचा चढाचा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून गाडी सपाट रस्त्याने, रांगेत मुंगीच्या पावलाने चालली होती. दिवे चालू, काच पुसणे चालू आणि मी झोपेत. आधी हॉर्न घोगरा झाला. मग पुढचे दिवे पिवळट पडले. काकांनी काच पुसायचे बंद केले, छताचा दिवा तेवढा ठेवला. मग तोही विझला. पाठीमागून त्या मुलीचे रडणे ऐकू आले. इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी वळणावर, रस्त्याच्या मधोमध बंद पडली. काळ्याकुट्ट गाडीत मुले आणि मागे रहदारी.

काकांनी मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून कडेच्या कट्ट्यावर नेले. मग स्वतः गाडीच्या मागे जाऊन, स्वेटर काढून, पांढरा शर्ट धुक्यात दिसावा म्हणून दोन्ही हात हलवत उभे राहिले. एक ट्रक आला. त्याचे ब्रेक असे किंचाळले की कट्ट्यावरची मुलेही किंचाळली. ट्रक काकांच्या अगदी पुढ्यात थांबला. कोणाला काही झाले नाही. सगळी मुले सुखरूप घरी पोचली, पण घरी जाऊन त्यांनी जे सांगायचे ते सांगितलेच.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांची गर्दी उसळली. कोणाची तरी चूक हवी होती. साहेबांनी मुख्याध्यापिकाबाईंसमोर सरळ हिशेब मांडला. यंत्र अचानक बिघडले असेल तर कोणाचा इलाज नाही, पण ते बरेच दिवस बिघडत आले असेल आणि चालकाने बघितले नसेल, तर अशा चालकाच्या हाती मुले द्यायची नाहीत. काय ते साडूभाऊ तपासून सांगतील. म्हणजे काकांची भाकरी माझ्या तपासणीवर टांगली गेली. मी मनात म्हटले, चला, एकदाचे खरे बाहेर येईल. मला तर काहीच झाले नव्हते.

आवारात साडूभाऊ आले. साहेब आले, बाई आल्या. काका एका बाजूला उभे होते. साडूभाऊंनी दुसरी भरलेली बॅटरी लावली, सेल्फ मारला आणि पाय दाबून जोरदार रेस दिली. मी खडबडून जागा झालो. किती आनंद झाला मला, मित्रांनो! मी भराभर वीज करू लागलो. पुढचे दिवे भर दुपारी झगझगले. नुसते मीटरचे दोन काटे बॅटरीला टेकवले असते तरी आकड्याने सांगितले असते, की हा ठणठणीत आहे, गोम दुसरीकडे कुठेतरी आहे. मीटर साडूभाऊंच्या पेटीतच होता. पण त्यांनी पेटी उघडली नाही.

“डायनामोची परीक्षा आमच्याकडे एकच,” ते साहेबांना म्हणाले, “चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, बंद पडली तर गेला.”

अहो, ही डायनामोची परीक्षा! माझी नव्हे. माझ्या पोटात डायोड नावाच्या लहान चकत्या असतात. वीज एकाच दिशेला जाऊ द्यायची, हे त्यांचे काम. बॅटरी समोर आहे तोवर माझी वीज तिच्यात निवांत जाऊन पडते. चालू गाडीत तिची वायर काढली की त्या सगळ्या विजेला एकाएकी जायला जागा राहत नाही आणि ती उलटून माझ्याच अंगावर येते. साडूभाऊंनी पान्याने टर्मिनल ढिले केले आणि वायर उचलली. एक ठिणगी उडाली. माझ्या आत काहीतरी तडकले, मग चर्र झाले. इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले.

“गेलाय डायनामो,” साडूभाऊ म्हणाले.

मला तपासता तपासता त्यांनी मारले आणि मेलो म्हणून मेलेला ठरवले. वर माझ्यावर वाकून वास घेतला. जळका वास येतच होता, माझ्याच अंगाचा, क्षणभरापूर्वीचा. हे कधीपासूनचे असेल, असे साहेबांनी विचारले. साडूभाऊंनी मान हलवली आणि सांगितले, की एवढा जळका वास म्हणजे आजचे दुखणे नाही, बरेच दिवस चालले असणार.

साहेब काकांकडे वळले. इतके दिवस लाल दिवा लागला असेल, तुम्ही काय बघत होतात, असे त्यांनी विचारले.

“दिवाच लागत नव्हता साहेब,” काका म्हणाले. “मी तुम्हालाही सांगितलं होतं आणि साडूभाऊंनाही सांगितलं होतं.”

साहेबांना असे काही आठवत नव्हते. त्यांनी साडूभाऊंकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. साडूभाऊ पाना फडक्याने पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

“सांगितलंही असेल,” ते म्हणाले. “ते रोजच काहीतरी सांगत असतात.”

कोणीतरी खुदकन हसले. त्या हसण्याने निकाल लागला.  गाडीची किल्ली काकांनी खिशातून काढली, तिला अडकवलेले आपले छोटे नेलकटर सोडवून घेतले आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीतून त्यांनी बरोबर नेले ते एक नेलकटर.

मला गाडीतून काढून इथे आणले आणि डब्यात टाकले. गाडीवर नवा अल्टरनेटर चढला, नवा ड्रायव्हर आला. थोड्याच दिवसांत गाडी ढकलत दुकानापाशी आली. बॅटरी रिकामी. साडूभाऊंनी आणखी एक अल्टरनेटर चढवला. ती पुन्हा आली. माझ्यावर फोडलेले खापर असे दोनदा परत आले, तेव्हा कुठे साडूभाऊंनी मीटर बाहेर काढला. किल्ली फिरवून त्यांनी लाल दिव्याकडून अल्टरनेटरला येणाऱ्या बारीक वायरीला मीटरचा काटा लावला. वीज नाही. मग ते वायरीच्या मागावर बोटाने चाचपत चाचपत गेले, आत बसले, डॅशबोर्डच्या मागे हात घातला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. बल्बाचे रिकामे भोक त्यांच्या बोटाला लागले होते.

ते काकांच्याच सीटवर बसले होते. मी डब्यातून त्यांचा चेहरा पाहत होतो. त्या माणसाला सगळे कळले होते. बल्ब कोणी काढला, कोण सांगायला आले होते, मी का मेलो, एक एक करून सगळे. मग ते उठले आणि नवा बल्ब आणून बसवला. किल्ली फिरवली, दिवा लाल लागला. गाडी सुरू केली, दिवा विझला. माझ्या जागी बसलेला तो परका अल्टरनेटर पहिल्या फेऱ्यात जागा झाला. नव्या ड्रायव्हरला साडूभाऊंनी सांगितले, की एक वायर ढिली होती.

त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. एकदाची नीट झाली का, असे तिने विचारले. साडूभाऊ आपल्या माणसापाशी खोटे बोलले नाहीत. त्यांनी हळू आवाजात सगळे सांगून टाकले. ती ऐकत राहिली. बहिणीच्या घरी सध्या काय चालले आहे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

“मग भावोजींना सांगितलंत?” तिने विचारले.

“त्यांना सांगितलं की शाळेत कळणार, आणि शाळेत कळलं की शाळेचं काम गेलं. आणि आता सांगून त्यांची नोकरी थोडीच परत येणार आहे?”

 तिने डबा उघडला, वाढले, ते जेवेपर्यंत समोर बसली आणि रिकामा डबा घेऊन घरी गेली. तीही मूग गिळून बसली. मला वाटले होते की ती तरी बोलेल.

आणि मग परवा काका आले. ते आता एका गोदामाच्या फाटकावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात दाखवतात. फाटकावरचा मोठा टॉर्च बिघडला होता, तो दुरुस्तीला आणला होता. साडूभाऊंनी त्यांना स्टूल दिले, चहा मागवला, घरची चौकशी केली. तोंड तर पहिल्यापासून गोडच. काकांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारले.

“साडूभाऊ, खरं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. माझ्याकडून काय राहिलं? मुलं होती हो गाडीत. तो ट्रक रोज डोळ्यांपुढे येतो. मी काय केलं असतं तर ते टळलं असतं?”

दुकानात कोणी नव्हते. शाळा लांब होती. साहेबांच्या कानावर जाईल असे काही नव्हते. एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरला असता. ते साहेबांना सांगू नका, अशी शपथ घातली असती तरी काकांनी ती मरेपर्यंत पाळली असती. मी डब्यात जीव मुठीत धरून बसलो होतो, मेलेल्याला जीव असतो तेवढा.

साडूभाऊ टॉर्चचा स्क्रू फिरवत राहिले. “जाऊ द्या ना आता,” ते म्हणाले. काका गेले नाहीत, उत्तराची वाट बघत राहिले. तेव्हा साडूभाऊ मान वर न करता म्हणाले, “थोडं लक्ष कमी पडलं तुमचं. वय झालं की होतं असं.”

काकांनी मान डोलावली. “हो,” ते म्हणाले. “मलाही तसंच वाटत होतं.”

निघताना त्यांची नजर टेबलाखाली गेली. त्यांनी मला ओळखले. वाकून, दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मला वर घेतले, माझी पुली एकदा फिरवून बघितली आणि म्हणाले, “बाबा, तुझ्याकडे मी वेळेवर बघायला हवं होतं.” मग त्यांनी मला परत डब्यात ठेवले, आदळणार नाही असे, हळू. साडूभाऊ त्या वेळी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी शोधत होते. तिथे शोधण्यासारखे काहीच नाही.

मित्रांनो, भंगारवाला कधीही येईल. तो मला फोडून त्या शिंकणाऱ्या बाईंनी गुंडाळलेले तांबे काढून घेईल. अशा गोष्टीच्या शेवटी यंत्रांची निगा राखा असे सांगायची रीत आहे. राखा, मी कशाला नको म्हणू? दिवा लागला तर तो का लागला ते बघा, दिवाच काढून टाकू नका. आणि एखादा माणूस रोज काही ना काही सांगतो, एवढ्यावरून त्याचे सांगणे खोटे धरू नका. पण खरे मागणे दुसरे आहे आणि ते तुमच्यावाचून कोणाकडे करावे हे मला सुचत नाही. शाळेतून घरी जाताना एखाद्या गोदामाच्या फाटकावर बसलेले काका दिसले, तर क्षणभर थांबा. त्यांना सांगा, काका, तुमचे लक्ष कमी पडले नव्हते. तुम्ही सांगितले होते. दोघांनाही सांगितले होते.